हेतू, परिणाम आणि प्रमाद : दख्खनच्या कर्जकायद्यांच्या निमित्ताने एक नीतिविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनास दोन कथा सांगितल्या आहेत. पहिली बलाक नावाच्या व्याधाची. वृद्ध मातापित्यांच्या व कुटुंबाच्या पोषणासाठी मृगया करणाऱ्या या व्याधास एके दिवशी शिकार मिळेना. तेव्हा पाणी पीत असलेल्या एका अंध श्वापदास त्याने मारले. ते श्वापद सर्व प्राण्यांच्या नाशाचा वर मिळवून बसलेले होते, हे बलाकास ठाऊक नव्हते. तरीही त्याला स्वर्ग मिळाला. दुसरी कथा कौशिक नावाच्या तपस्व्याची. सदैव सत्य बोलण्याचे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही लोक जवळच्या वनात लपले. पाठोपाठ आलेल्या दरोडेखोरांनी विचारताच कौशिकाने ती जागा दाखविली, लोक मारले गेले आणि कौशिक नरकास गेला.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक जुना प्रश्न तीव्रतेने पुढे येतो. हेतू चांगला असून परिणाम वाईट झाला, तर त्या चांगल्या हेतूस नैतिक दृष्ट्या काही किंमत आहे की नाही? कौशिकाचा हेतू निर्मळ होता असे म्हणावे, तर त्याला शासन का? आणि परिणाम हेच जर एकमेव माप, तर ज्याला आपण काय करीत आहो हेच ठाऊक नव्हते त्या बलाकाची थोरवी कसली? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. परंतु तो निव्वळ कथांच्या अथवा कल्पित उदाहरणांच्या आधारे न करता, महाराष्ट्राच्या इतिहासातील एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे करण्याचे योजिले आहे. शेतकऱ्यास कर्जाच्या पाशातून सोडविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जे कायदे झाले, त्यांचा इतिहास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकतो असे आम्हांस वाटते.

२. दोन प्रमुख पक्ष

हेतूला प्राधान्य देणाऱ्या पक्षाचा अग्रणी म्हणून इमॅन्युएल कांट याचे नाव सांगितले जाते. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रविषयक ग्रंथात त्याने असे प्रतिपादिले की, निरपवाद चांगली अशी वस्तू एकच, ती म्हणजे सदिच्छा; आणि प्रतिकूल परिस्थितीमुळे तिच्या हातून काहीच साधले नाही, तरी तिचे मूल्य उणे होत नाही. १७९७ सालच्या एका निबंधात तर, खुनी मनुष्य आपल्या घरात लपलेल्या मित्राचा ठाव विचारीत आला असताही त्याच्याशी खोटे बोलण्याचा अधिकार आपणांस नाही, येथवर तो गेला. म्हणजे कौशिकाचाच प्रसंग त्याच्यापुढे होता आणि त्याने निकाल मात्र कौशिकाच्या बाजूने दिला.

याच्या उलट पक्ष उपयुक्ततावाद्यांचा. कृत्याचे बरेवाईटपण त्यातून निष्पन्न होणाऱ्या सुखदुःखावरून ठरवावयाचे, हे त्यांचे सूत्र. तथापि जॉन स्टुअर्ट मिल याने येथे एक भेद केला आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. कर्त्याला कृतीस उद्युक्त करणारी भावना, म्हणजे प्रेरणा, ही एक गोष्ट. आणि तो नेमके काय करावयास निघाला आहे, म्हणजे त्याचा संकल्प, ही दुसरी. १८६४ च्या आवृत्तीतील एका टीपेत मिलने असे स्पष्ट केले की, कृत्याची नैतिकता संकल्पावर अवलंबून असते. प्रेरणेवरून कर्त्याची योग्यता कळते, कृत्याची नव्हे.

आपल्याकडे या वादाचा सर्वांत सविस्तर ऊहापोह लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त केला आहे. बाह्य कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, हा त्यांचा सिद्धांत होय. युधिष्ठिराच्या अश्वमेधापेक्षा दरिद्री ब्राह्मणाने दिलेले मूठभर सातू अधिक पुण्यप्रद ठरले, ही मुंगसाची कथा त्यासाठी त्यांनी उपयोगात आणली आहे. परंतु टिळकांची ‘बुद्धी’ म्हणजे केवळ भाबडी सद्भावना नव्हे. कार्याकार्याचा निर्णय करणारी व्यवसायात्मक बुद्धी आणि इच्छारूप वासनात्मक बुद्धी असे दोन प्रकार ते मानतात. आणि पहिली स्थिर झाल्यावाचून दुसरी शुद्ध होत नाही असे बजावतात. हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

३. दख्खनचे कर्जकायदे

आता इतिहासाकडे वळू. १८५९ साली मुदतीचा कायदा मंजूर झाला. नोंदणी न झालेल्या साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा न केल्यास तो कालबाह्य ठरावा, अशी त्यात तरतूद होती. वर्षानुवर्षे व्याज साचू देऊन मग एकदम कुळावर चाल करून जाण्याची सावकाराची सोय नाहीशी व्हावी, जुन्या खोट्यानाट्या मागण्या उकरल्या जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. हेतू उघड उघड चांगला होता.

प्रत्यक्षात घडले ते असे. मुदत संपत आली की सावकार कुळाकडून नवा रोखा लिहून घेई. आणि या नव्या रोख्यात जुने मुद्दल व त्यावरील साचलेले व्याज मिळून होणारी सारी रक्कम मुद्दल म्हणून दाखल होई. कुळाने नकार दिला तर दावा व जप्ती ठरलेलीच. याचा अर्थ काय होतो हे एका हिशेबाच्या उदाहरणाने पाहावे. शेकडा २४ च्या सरळ व्याजाने घेतलेले १०० रुपये बारा वर्षांत ३८८ रुपये होतात. तेच कर्ज दर तीन वर्षांनी नवे करून घेतले, तर पहिल्या तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी सुमारे ५०९ आणि बारा वर्षांनी सुमारे ८७५ रुपये होतात.

याहूनही महत्त्वाची गोष्ट दामदुपटीची. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये, हा आपला जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीत आली होती. पहिला रोखा तसाच राहता, तर या नियमाने सावकाराचे येणे २०० रुपयांवर अडले असते. परंतु दर तीन वर्षांचे व्याज शेकडा ७२ च होत असल्यामुळे ते नव्या मुद्दलाच्या पलीकडे कधी जातच नाही. आणि दामदुपटीचा बांध न फोडताच पाणी त्याला वळसा घालून निघून जाते. कुळाच्या संरक्षणासाठी केलेल्या नव्या नियमाने जुन्या नियमाचे संरक्षणही अशा रीतीने निरुपयोगी करून टाकले.

पुढचा इतिहास सुपरिचित आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि त्याच सुमारास सारावाढीचे नवे बंदोबस्त आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी दंग्यास तोंड लागले आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी त्याचे लोण पोचले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, माणसांवर हात टाकण्यापेक्षा रोखे व वह्या हस्तगत करून जाळण्याकडेच लोकांचा रोख होता. आपले दुःख कोणत्या कागदात साठले आहे, हे शेतकऱ्यास कायदा करणाऱ्यांपेक्षा अधिक नेमके कळले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू होता. पूर्वीच्या चुकीची जाणीव यात स्पष्ट दिसते. मुदत तीन वर्षांवरून वाढविण्यात आली. न्यायाधीशाने केवळ रोख्यातील आकड्यावर न विसंबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे ठरले. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद झाली. स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त होऊ नये, असेही ठरले. गावोगाव दस्तऐवजांची नोंदणी करणारे व तडजोड घडविणारे अधिकारी नेमण्याची व्यवस्था झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील न्यायाधीश म्हणून अनेक वर्षे काम केले.

परंतु येथेही पाणी दुसऱ्या वाटेने वाहिले. जमीन गहाण असेल तरच जप्त होणार, म्हणून साध्या रोख्यावर कर्ज देणे सावकारास परवडेना; तो जमिनीचे तारण मागू लागला. गहाणाचा हिशेब न्यायालय उकरून काढणार, म्हणून तो गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून मागू लागला. रक्कम फेडल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी. लेखी दस्तऐवज मात्र कायम विक्रीचा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे लेखी दस्तऐवजाच्या विरुद्ध तोंडी पुरावा सामान्यतः चालत नसे. त्यामुळे वचन मोडले गेल्यास कुळाला दाद मागण्यास मार्ग उरत नसे. ज्या जमिनीच्या रक्षणासाठी कायदा झाला, तीच जमीन कायद्याच्या धाकामुळे अगोदरच सावकाराच्या नावावर चढू लागली. ही पळवाट बुजविण्यासाठी, खरेदीखत म्हणून लिहिलेला व्यवहार वस्तुतः गहाणाचा आहे काय हे तोंडी पुराव्यानेही तपासण्याचा अधिकार न्यायालयास देणारे १० अ हे कलम १९०७ साली, म्हणजे मूळ कायद्यानंतर २८ वर्षांनी, घालण्यात आले.

१८७९ चा कायदा सर्वस्वी निष्फळ झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऋणकोच्या अटकेची भीती गेली आणि न्यायासनापुढे त्याची बाजू ऐकली जाऊ लागली, हे लाभ थोडे नव्हते. परंतु सावकाराखेरीज कर्ज देणारा दुसरा कोणी उभा न करता केवळ सावकाराचे हात बांधले, तर गरजू मनुष्य त्या बांधलेल्या हातांच्याच अटी अधिक कडक झालेल्या पाहतो, हा धडा या इतिहासातून मिळतो.

४. विश्लेषण

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे. १८५९ च्या कायदेकर्त्यांस आपण दोष द्यावा काय?

येथे प्रथम मिलचा भेद उपयोगी पडतो. या कायद्यांमागे शेतकऱ्याविषयीची कणव होती की राज्यातील शांततेची काळजी होती, हा प्रेरणेचा प्रश्न आहे. त्यावरून फार तर राज्यकर्त्यांची योग्यता ठरेल. संकल्प मात्र दोन्ही पक्षी एकच होता : कुळावरील व्याजाचा भार वाढू न देणे. तेव्हा ‘हेतू शुद्ध नसेलच’ असे म्हणून प्रश्न टाळता येत नाही. संकल्प चांगला होता आणि परिणाम विपरीत झाला, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

दुसरी गोष्ट, परिणाम विपरीत झाला एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. मनुष्याला सर्व परिणाम दिसत नसतात. आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल दोषी धरावयाचे, तर बलाकाला न कळत मिळालेला स्वर्गही न्याय्य मानावा लागेल. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स व अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी १९७६ साली ‘नैतिक दैव’ या नावाने हाच प्रश्न चर्चेस आणला. त्या दोघांनी दाखविल्याप्रमाणे आपले व्यवहारातील निर्णय दैवाने पुष्कळच रंगलेले असतात; पण म्हणून ते तसे असणे योग्य आहे असे होत नाही.

मग विचारावयाचा प्रश्न हा की, हा परिणाम दिसण्यासारखा होता काय? आमच्या मते १८५९ च्या बाबतीत तो दिसण्यासारखा होता. रोखा कोणाच्या सांगण्यावरून नवा होतो, नकार देण्याची शक्ती दोघांपैकी कोणाजवळ आहे, हे समजण्यास विद्वत्तेची गरज नव्हती. कोणत्याही गावातील कोणतेही कुळ ते सांगू शकले असते. कायदा करणाऱ्यांनी दोन समबल पक्षांमधील करार कल्पिला, आणि ज्याच्या हितासाठी कायदा करावयाचा त्यालाच विचारले नाही. उणीव सद्भावनेची नव्हती, चौकशीची होती.

या उणिवेस आपल्या परंपरेत एक नेमके नाव आहे : प्रमाद. जैन आचार्य उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहानीवर भर दिला नाही, प्रमादयुक्त प्रवृत्तीने झालेली प्राणहानी ती हिंसा, असे म्हटले. सावधपणे पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली जीव सापडला तर एक, आणि बेपर्वाईने चालणाऱ्याच्या पायाखाली सापडला तर दुसरे. प्रमाद म्हणजे दुष्टपणा नव्हे. परंतु तो निरपराधीपणाही नव्हे.

आपल्या कायद्यातही हे द्वंद्व मोठे मनोरंजक रीतीने प्रकट झाले आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने ‘सद्भाव’ या शब्दाची व्याख्या अशी केली की, योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येणार नाही. २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेनेही हीच दृष्टी कायम ठेवली आहे. उलट, १८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमाप्रमाणे एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल, तर ती निष्काळजीपणाने केलेली असली तरी सद्भावानेच केली असे समजावयाचे. एकाच देशाच्या कायद्यात एका शब्दाचे हे दोन अर्थ नांदत आहेत. जेथे प्रश्न शरीराच्या व जीविताच्या हानीचा, तेथे काळजी हा सद्भावाचाच घटक मानला आहे, हे सूचक होय.

येथे एक शंका संभवते. अशा रीतीने काळजी व चौकशी यांना महत्त्व दिले, तर आपण हेतुवाद सोडून परिणामवादाकडे वळलो असे नाही का होत? आमच्या मते होत नाही. कांटचा उल्लेख वर आला आहे. त्यानेच सदिच्छेची महती सांगताना अशी पुस्ती जोडली आहे की, सदिच्छा म्हणजे नुसती वांछा नव्हे, तर आपल्या शक्तीतील सर्व साधने पणास लावणे होय. माहिती मिळविणे हे अशा साधनांपैकी पहिले साधन आहे. ज्याला दुसऱ्याचे भले खरोखर हवे असते, तो त्याचे भले कशात आहे हे जाणण्याची धडपड करतो. ती धडपड नसेल तर त्याला हवे होते ते भले केल्याचे समाधान, प्रत्यक्ष भले नव्हे. टिळकांच्या भाषेत सांगावयाचे तर व्यवसायात्मक बुद्धी अस्थिर असता वासना शुद्ध आहे, हे म्हणणेच टिकत नाही. कौशिकाचा दोषही हाच. त्याला जपावयाचे होते ते आपले व्रत. वनात लपलेली माणसे त्याच्या विचारात आलीच नाहीत.

५. परिणाम कळल्यानंतर

आतापर्यंत कृतीपूर्वीच्या काळजीचा विचार झाला. कृतीनंतरच्या कर्तव्याचा विचार करण्यास अलीकडचे एक उदाहरण घेऊ. बांगलादेशात तळ्यांचे व नद्यांचे दूषित पाणी पिऊन अतिसाराने असंख्य बालके दगावत. म्हणून १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने तेथे उथळ कूपनलिका मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आल्या. भूगर्भातील पाणी रोगजंतूंपासून मुक्त असते, ही समजूत खरीच होती. परंतु हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या थरांत नैसर्गिक आर्सेनिक होते आणि ते पाण्यात उतरत होते. पाण्याच्या तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिकाचा समावेश नव्हता.

कूपनलिका बसविणाऱ्यांस आरंभी दोष देणे कठीण आहे. त्यांनी त्या काळी उपलब्ध असलेल्या ज्ञानानुसार कृती केली. परंतु १९८३ साली शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकजन्य त्वचारोगाचे रुग्ण ओळखले गेले. तेच थर, तसेच पाणी सीमेपलीकडे होते. तरी बांगलादेशातील पाण्यात आर्सेनिक असल्याची निश्चिती १९९३ साली झाली. मधली दहा वर्षे ही या प्रकरणातील नैतिक दृष्ट्या खरी वर्षे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांस या पाण्याचा धोका होता. ब्रिटिश भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १९९२ साली तेथील पाण्याची पाहणी केली होती, तीत आर्सेनिक तपासले नव्हते. त्याबद्दल झालेला दावा इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००६ साली फेटाळला. कारण संस्था व बाधित रहिवासी यांच्यात काळजीचे कर्तव्य उत्पन्न होण्याइतका निकट संबंध नव्हता. कायद्याची मर्यादा तेथे आखली गेली. नीतीची मर्यादा तेथेच आखली पाहिजे, असे मात्र नाही.

कारण नीतीत दोषाखेरीज दुसरीही एक गोष्ट असते, ती म्हणजे भरपाईची जबाबदारी. आपल्या धर्मशास्त्रकारांनी न कळत घडलेल्या पापासही प्रायश्चित्त सांगितले. जाणूनबुजून केलेल्यापेक्षा ते सौम्य ठेवले, पण रद्द केले नाही. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ या वाक्याने शासन कमी होते. जखम बरी करण्याचे काम त्याने संपत नाही.

६. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. चांगल्या हेतूस किंमत आहे. परंतु ती कर्त्याविषयीच्या आपल्या निर्णयात आहे, ज्यांना भोगावे लागले त्यांच्या हिशेबात नाही. आणि कर्त्याच्या बाबतीतही हेतूची शुद्धता ही केवळ त्याच्या शब्दावरून किंवा आत्मसमाधानावरून ठरावयाची नसून, तीन ठिकाणी तपासावयाची आहे. कृतीपूर्वी त्याने ज्यांच्यासाठी कृती करावयाची त्यांना विचारले काय? कृती चालू असता परिणामांवर नजर ठेवली काय? आणि विपरीत परिणाम दिसताच किती त्वरेने पाऊल मागे घेतले? या कसोटीने १८५९ चा कायदा पहिल्या प्रश्नाशी, १८७९ चा कायदा २८ वर्षांच्या विलंबामुळे तिसऱ्या प्रश्नाशी, आणि कूपनलिकांची योजना दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांशी अडखळते. यांपैकी कोठेही दुष्ट बुद्धी नव्हती, म्हणूनच ही उदाहरणे अधिक विचार करण्यासारखी आहेत.

दुष्ट हेतूपासून सावध राहण्यास मनुष्य सहज शिकतो. आपल्याच सद्हेतूपासून सावध राहणे अधिक कठीण असते. कारण आपला हेतू चांगला आहे, ही खात्रीच पुढचा प्रश्न विचारण्याची निकड नाहीशी करते. सुप्याच्या बाजारात जाळलेल्या रोख्यांत अशाच एका न विचारलेल्या प्रश्नाचे व्याज साचलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.